विंडोज ११ टाकून दिलं नाही म्हणून एक स्टार देणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला पण आधी तुमचं जॉबकार्ड काढून बघितलं आणि मगच लिहायला बसलो, म्हणून उशीर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की विंडोज ११ मागितलं तर आम्ही टाळाटाळ केली, वर कारण नसताना ईमेल आयडी टाकायला लावला, ४५० रुपये घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या ऑनलाइन क्लासच्या वेळेलाच लॅपटॉप दोन तास "वर्किंग ऑन अपडेट्स"वर गोल गोल फिरत बसला. आणि शेवटी "अपडेट बंद करून द्यायचं सोडून चालू करून देतात, यांना काही कळत नाही."

क्लास बुडाला ती चूक माझीच. तुम्ही लॅपटॉप नेला तो महिन्यातला दुसरा मंगळवार होता, मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे पॅच (म्हणजे विंडोजमधल्या त्रुटींच्या दुरुस्त्या) त्याच दिवशी येतात, आपल्याकडे रात्री उशिरा. हे मला पाठ आहे आणि तरी काउंटरवर गर्दी होती म्हणून "आज रात्री चार्जरला लावून चालू ठेवा, सकाळी कामाला घेऊ नका" एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं. त्यात तुम्ही ३७ टक्क्यांवर अडकलं म्हणून पॉवर बटण दाबून धरलंत (तुम्हीच फोनवर बोललात), मग विंडोजने केलेलं सगळं उलटं काढायला घेतलं, ती "अनडूइंग चेंजेस"ची पाटी दिसली ना तेच ते. म्हणजे एक तासाचं काम दोन तासांवर गेलं. पण मी आधी सांगितलं असतं तर तुम्ही बटण दाबलंच नसतं, त्यामुळे याचा दोष तुम्हाला देत नाही.

बाकीचं मात्र मला पटलेलं नाही. तुमचा लॅपटॉप आय-थ्री पाचव्या जनरेशनचा, रॅम ४ जीबी, आत जुनी फिरती हार्डडिस्क. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. आता यूट्यूबवर दहा मिनिटात टाकून दाखवतात हे खरंय, ती चेकिंग चुकवून टाकता येतं, मलाही येतं, मी स्वतःच्या जुन्या मशीनवर टाकून बघितलंय. पण व्हिडिओवाला टाकून दाखवतो आणि तिथेच व्हिडिओ संपतो, पुढे सहा महिने ते वापरायला तो नसतो. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षी नवीन व्हर्जन आलं की परत तीच हातचलाखी करावी लागते. तुमच्यासमोर टास्क मॅनेजर उघडून दाखवला होता, नुसतं क्रोम उघडलं तर डिस्कचा वापर १०० टक्के, आणि हे विंडोज १० वर. त्यावर ११ चढवायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रॉली जुंपायची.

आता अपडेट चालू का केलं ते सांगतो. तुमच्या मशीनवर अपडेटची सर्व्हिसच कोणीतरी बंद करून ठेवली होती, विंडोज १० चं १९०९ व्हर्जन तसंच पडून होतं, म्हणजे काही वर्षं एकही पॅच नाही आणि त्याच लॅपटॉपवर तुम्ही नेट बँकिंग करता. मे २०१७ मधलं वॉनाक्राय, फाइली अडकवून पैसे मागणारा तो व्हायरस, आठवत असेल, ते ज्या भोकातून शिरलं त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी लावला नाही ते सापडले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला पण घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी पॅच घेता येतात, त्यासाठी विंडोज १० चं शेवटचं, २२एच२ व्हर्जन लागतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचं सिंक चालू ठेवलं तर ते फुकट आहे. ईमेल त्यासाठी मागितला, पासवर्ड तुम्हीच टाकलात, मी तोंड फिरवून उभा होतो. ते २२एच२ डाउनलोड होऊन बसायला आमच्याकडे पूर्ण एक रात्र गेली, ४५० त्याचे.

आणि आम्ही सरसकट सगळ्यांना अपडेट मारा म्हणत नाही हो. बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत, त्यांचं मशीन अजून विंडोज ७ वर आहे, जुने मराठी फॉन्ट, जुना प्रिंटर, ज्याचा नवीन ड्रायव्हरच मिळत नाही. त्यांना मीच सांगितलंय की काही हलवू नका, फक्त नेटची वायर काढून मीच घेऊन आलो आणि पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून मगच लावायचा. त्यांचं काम त्या खोलीबाहेर जात नाही म्हणून चालतं. तुमच्याकडे मुलीचा क्लास, बँक, मेल सगळं नेटवरच, तुम्हाला तो सल्ला दिला असता तर खरंच एक स्टार लायक झालो असतो.

तुमची बॅटरी दहा-बारा मिनिटंच टिकते, अपडेट चालू असताना लाईट गेली तर पंचाईत, म्हणून ॲक्टिव्ह अवर्स सकाळी ७ ते रात्री १० करून देतो, तेवढ्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होणार नाही. आणि महिन्यातून एक रात्र तुम्ही ठरवायची. एसएसडीचं (फिरत्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) मागेच बोललो होतो, ती टाकलीत तर हेच अपडेट बरंच लवकर आटपेल, पण आत्ताच टाका असा आग्रह नाही, ऑक्टोबरनंतर या लॅपटॉपचं काय करायचं ते ठरल्यावर बघू.

४५० परत हवे असतील तर देतो, दुकानात या, गुरुवारी बंद असतं. सेटिंगचे पैसे नाहीत. आणि येताना चार्जर आणा, मागच्या वेळी विसरला होतात.