चांगला दिवस माझ्याविरुद्ध पुरावा ठरतो

गेल्या महिन्यात विभागाच्या चर्चासत्रात मी चाळीस मिनिटे उभी राहून शोधनिबंध वाचला आणि प्रश्नांची उत्तरेही दिली. बाहेर पडताना एक ज्येष्ठ प्राध्यापक आपुलकीने म्हणाले, "आता अगदी ठणठणीत दिसतेस. पुढच्या सत्रापासून रोज यायला काही हरकत नाही." त्यांच्या मनात वाकडे काहीच नव्हते. तरीही माझा सवलतींसाठीचा अर्ज, त्याला जोडलेले वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सहा वर्षांचे आजारपण त्या दोन वाक्यांनी निकालात निघाले, असे मला तिथल्या तिथे वाटले. त्यानंतरचे पाच दिवस मी पडदे ओढलेल्या खोलीत काढले. तिसऱ्या दिवशी आईने दाराशी येऊन "पाणी देऊ का?" एवढेच विचारले, तर त्याचे उत्तर "हो" द्यायचे की "नाही", हे ठरवतानाच माझे डोके इतके शिणले की मी नुसता हात हलवला. ते पाच दिवस प्राध्यापकांनी पाहिले नाहीत आणि पाहणे त्यांना शक्यही नव्हते.

माझ्या आजाराचे नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजे एमई. त्यालाच क्रॉनिक फटीग सिंड्रोम असेही म्हणतात आणि या दुसऱ्या नावाने आम्हा रुग्णांचे बरेच नुकसान केले आहे, कारण थकवा म्हटले की समोरचा लगेच स्वतःच्या थकव्याची गोष्ट सांगू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1969 सालीच या आजाराची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली होती. असे असूनही "हे सगळे मनाचे आहे" हे वाक्य मी दवाखान्यातही ऐकले आहे आणि वर्गातही. या आजारावर शिक्का मारून देणारी रक्ताची तपासणी अजून नाही. निदान लक्षणांवरून आणि इतर आजार वगळून करावे लागते, त्यामुळे माझ्या फाइलमधले बहुतेक अहवाल नॉर्मल आहेत. ज्या फाइलने मी आजारी असल्याचे सिद्ध व्हायला हवे, तीच उघडून लोक मला धीर देतात की तुला काही झालेले नाही!

या आजाराचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे श्रमानंतर होणारी घसरण. शारीरिक असो वा बौद्धिक, झेपेल त्याहून थोडे जास्त काम झाले की सगळी लक्षणे उसळतात, पण ती लगेच नाही, तर बहुतेकदा 12 ते 48 तासांनी, आणि मग ती काही दिवस, कधी आठवडेही टिकतात. संशोधकांनी रुग्णांना लागोपाठ दोन दिवस सायकलवर बसवून श्रमचाचणी घेतली. पहिल्या दिवसाचे आकडे फारसे वेगळे दिसले नाहीत तरी दुसऱ्या दिवशी अनेक रुग्णांची क्षमता खाली आली. निरोगी माणसे दुसऱ्या दिवशी साधारण तेवढेच काम करू शकतात. माझ्या दृष्टीने सगळी मेख इथेच आहे. हा आजार प्रयोगशाळेतही दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि शिक्षणव्यवस्था आमच्याकडे बघते ती नेहमी पहिल्या दिवशी. परीक्षा, तोंडी परीक्षा, सादरीकरण, मुलाखत हे सगळे पहिल्या दिवसाचे प्रसंग आहेत.

अशा आजारांना अदृश्य म्हणण्याची पद्धत आहे. मला तो शब्द पूर्णपणे पटत नाही. बिछान्यावर पडलेली मी कोणालाही आजारीच दिसेन. प्रश्न एवढाच आहे की त्या अवस्थेत मी कोणाच्या समोर येत नाही. विभागात मला पाहणारा प्रत्येक जण माझे फक्त तेच दिवस पाहतो, ज्या दिवशी मी तिथवर पोहोचू शकले. वाईट दिवसांची नोंद हजेरीपटावर "गैरहजर" या एका शब्दात होते आणि त्या शब्दाचा अर्थ ज्याला जसा लावायचा तसा तो लावतो. म्हणूनच माझा चांगला दिवस माझ्या बाजूने साक्ष देत नाही. तो माझ्याविरुद्ध वापरला जातो, कारण "त्या दिवशी जमले, मग आज का नाही?" या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर देण्यासाठी जी शक्ती लागते, तीच नेमकी त्या दिवशी नसते.

आणि याच चांगल्या दिवसाने मला स्वतःलाही सर्वाधिक फसवले आहे. लहानपणापासून आपल्याला एकच शिकवलेले असते, की डोके चालते आहे तोवर अभ्यास उरकून घ्यावा. पहिली दोन वर्षे मी तेच करत राहिले. बरे वाटले की दहा तास बसायचे आणि मग दोन आठवडे झोपून काढायचे. त्या काळात मला मेहनती म्हणून शाबासकीही मिळाली आणि प्रकृती मात्र पायरीपायरीने उतरत गेली. व्यायाम ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने 2021च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो उपचार देऊ नये असे स्पष्ट सांगितले आणि त्याऐवजी आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून काम आखण्यावर भर दिला. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की वीस मिनिटे वाचून झाली आणि टायमर वाजला की परिच्छेद अर्धा असला तरी पुस्तक मिटायचे आणि पंधरा मिनिटे डोळे झाकून आडवे व्हायचे. विषयात गोडी असलेल्या माणसाला ही शिक्षा वाटते. मला अजूनही वाटते.

सवलतींबद्दलही थोडे लिहिते. मी अर्ज केल्यावर मला परीक्षेत जादा वेळ मिळाला आणि त्याबद्दल मी आभारही मानले. पण तीन तास बसणे ज्याला झेपत नाही, त्याला चार तास बसवून काय साधणार? मला हवी होती ती मध्ये घड्याळ थांबवून दहा मिनिटे आडवे पडण्याची मुभा. हे समजावून सांगायला तीन पत्रे लागली. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम 24 शिक्षणात वाजवी सोयी देण्याविषयी बोलते आणि त्या सोयी त्या व्यक्तीच्या गरजेनुसार असाव्यात असे सांगते. ठरलेल्या यादीतली एक सवलत उचलून देणे म्हणजे गरज ओळखणे नव्हे. सवलतींचा गैरवापर होईल ही शिक्षकांची शंका मी समजू शकते. मात्र परीक्षेच्या मध्यावर डोळे मिटून पडून राहिल्याने कोणाचे गुण वाढतात, हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

"एक वर्ष सुट्टी घे, पूर्ण बरी हो आणि मग ये," असे सुचवणारेही पुष्कळ असतात. मी ते वर्ष घेतले होते. विश्रांतीने मला आधार नक्कीच मिळाला. पण प्रौढ रुग्णांत या आजारातून पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे आणि ज्या दिवसाची वाट पाहायची तो माझ्या वाट्याला येईलच असे नाही. मग शिक्षण त्याच्या पलीकडे का ठेवायचे? आठवड्याला चार तास असा सुटसुटीत अभ्यासक्रम सात वर्षे करायला मी आनंदाने तयार आहे. नियमांत मात्र दोनच खाने आहेत, पूर्णवेळ विद्यार्थी किंवा रजेवरचा विद्यार्थी. कोविडनंतर रेंगाळलेल्या लक्षणांमुळे अशीच घसरण अनुभवणारे कितीतरी विद्यार्थी आता या दोन खान्यांच्या मधल्या फटीत अडकले आहेत.

ग्रंथालयाशेजारची एक लहान खोली विश्रांतीसाठी देण्याची विनंती या सत्रात अखेर मान्य झाली. खोलीत एक खाट आहे, खिडकीला जाड पडदा आहे आणि दारावर कुलूप आहे. किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात सही करून घ्यावी लागते आणि इमारतीला लिफ्ट नाही. परवा मी दोन जिने चढून पायरीवर बसले, नाडी मोजली आणि तिथूनच खाली उतरले. किल्लीबद्दलचा अर्ज काल दिला आहे.