टेबल टेनिस आणि मुलांची तंदुरुस्ती : एक खुलासा

‘रोज तासभर टेबल टेनिस खेळणाऱ्या मुलाला दुसऱ्या कोणत्याही व्यायामाची गरज नाही’ असा संदेश पालकांच्या गटांतून फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. अवघ्या 2.7 ग्रॅम वजनाच्या चेंडूचा वेग आणि फिरकी ओळखून क्षणात पाऊल टाकावे लागत असल्याने चपळता आणि हात-डोळ्यांचा मेळ सरावाने सुधारतो, यात शंका नाही. मात्र बहुतेक रॅली, म्हणजे एका गुणासाठी चेंडूची सलग देवाणघेवाण, काही सेकंदांतच संपतात. मग चेंडू आणणे, घाम पुसणे, पुन्हा सर्व्हिस. प्रशिक्षक टोपलीतले चेंडू एकामागून एक टाकत मुलाला दोन्ही कोपऱ्यांकडे पळवतो तेव्हा धाप लागतेच, पण रांगेत पाळीची वाट पाहणाऱ्याला ती कुठून लागणार? शिवाय रॅकेट एकाच हातात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशींनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि त्यात आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत. त्यामुळे टेबलावरच्या सरावाला दोरीउड्या, धावणे आणि जोर-बैठका यांची जोड द्यावी लागते.