श्रेयनामावलीत न दिसणारी माणसे

जितकी भरती अधिक तितका मोठा व्हिडिओ गेम लवकर तयार होतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या गेमसाठी सुमारे २००० जणांनी काम केले हे खरे, पण तो आकडा सगळ्या वर्षांचा मिळून आहे. सहसा सुरुवातीला एक छोटा गट खेळण्याची पद्धत ठरवतो आणि ती पक्की झाल्यावरच कलाकार, अ‍ॅनिमेटर, प्रोग्रॅमर व टेस्टर यांची संख्या वाढत जाते. उशिरा घेतलेल्या माणसांना काम समजावण्यात जुन्यांचाच वेळ जातो.

माझी भाची नाशिकला गंगापूर रोडवरच्या घरातून एका आउटसोर्सिंग कंपनीसाठी, म्हणजे गेम बनवणाऱ्यांची कामे बाहेरून करून देणाऱ्या कंपनीसाठी, गेममधल्या वस्तूंची थ्रीडी मॉडेल करते. मागच्या पावसाळ्यात एका लाकडी दरवाजाच्या बिजागरीवर तिने चार दिवस घालवले; गंज नेमका कुठे धरतो हे पाहण्यासाठी ती पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या दाराचे फोटो काढून आली. काम पाठवल्यावर कळले की लेव्हल डिझायनरांनी (गेममधल्या जागा व टप्पे आखणाऱ्यांनी) तो दरवाजा तीन आठवड्यांपूर्वीच काढून टाकला होता. तिथे माणसे कमी नव्हती. एका विभागाचा निर्णय दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे हे प्रोड्यूसरचे मुख्य काम, तेच झाले नव्हते.

गेम बाजारात आल्यावर आम्ही श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहिली. तीत तिच्या कंपनीचे नाव होते, तिचे नव्हते, आणि याचे मला अजूनही फार वाईट वाटते.