सुंतेचा तो 'बाळाला दुखतच नाही' वाला मेसेज

आमच्या सोलापुरात विजापूर वेसपासून होटगी रोडपर्यंत हा मेसेज फिरतोय, "महिन्याच्या आतल्या बाळाला सुंतेचं दुखत नाही, सुन्न करायला नको, ओपीडीत पाच मिनिटांत काम. कातडी मागे जात नसेल तर आजारच, लगेच काढा. अमेरिकेत सगळ्याच पोरांची करतात." मी लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे, मलाच तिघींनी पाठवला.

दुखतं हो, चांगलंच दुखतं. बाळाच्या नसा कच्च्या असतात म्हणून कळत नाही असं पूर्वी डॉक्टरसुद्धा मानायचे, 1987 ला आनंद आणि हिकी या दोन डॉक्टरांनी ते मोडून काढलं. पुढं 1997 ला कॅनडात बघितलं तर सुन्न न करता सुंता झालेली पोरं चार-सहा महिन्यांनी लसीच्या सुईलाही जास्त रडत होती. नुसतं साखरपाणी चाटवून भागत नाही, लिंगाच्या मुळाशी लिग्नोकेन या सुन्न करायच्या औषधाचं इंजेक्शन लागतं नाहीतर सुन्न करायचं मलम, आणि मलम चढायलाच तासभर जातो, मग पाच मिनिटं कुठली? कापायला तेवढीच लागतात, ते खरंय.

आणि कापायच्या आधी बघायचं असतं की. लघवीचं भोक टोकाला नसून खाली असेल तर सुंता करायचीच नाही, तीच कातडी पुढच्या ऑपरेशनला लागते. आईकडच्या कुणाला, मामाला वगैरे, रक्त न थांबायचा त्रास आहे का हे मी दरवेळी विचारते आणि आज्जी वैतागतात, पण हिमोफिलिया, म्हणजे हाच रक्त न थांबायचा आजार, आईकडूनच येतो ना.

कातडीचं म्हणाल तर जन्मतः ती चिकटलेलीच असते, काही वर्षांत आपोआप सुटते. ओढू नका. मोठेपणी खरंच घट्ट राहिली तर आधी स्टिरॉइडचं मलम देतात.

अमेरिकेत 2010 ला दवाखान्यात जन्मलेल्या साधारण 58 टक्के पोरांची सुंता झाली होती, सगळ्यांची नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 ला सांगितलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत (लघवीचं इन्फेक्शन कमी होतं, हेही खरं), पण सरसकट सगळ्यांची करा म्हणण्याएवढे नाहीत, आईबापांनी ठरवावं.

धर्मानं करायचीय त्यांनी जरूर करा, फक्त सुन्न करून. नंतर जखमेवर पिवळट थर येतो, तो पू नसतो, घासून काढू नका. पण दाबून धरूनही रक्त थांबेना किंवा लघवीच होईना, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच या.