वारा, चिमटे आणि ब्रास बँड

ईस्टबोर्नच्या बँडस्टँडवर दुपारचा कार्यक्रम ऐकायला जायचं म्हणजे खरं तर वारा खायला जायचं. बँड तोंडी लावायला.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये, सुट्टीला येणाऱ्यांच्या जिवावर उभं राहिलेलं हे गाव. एका बाजूला नेपोलियनच्या धास्तीनं बांधलेला विश टॉवर हा गोल बुरूज, दुसऱ्या बाजूला समुद्रात घुसलेला पिअर, म्हणजे खांबांवरचा लांब धक्का, आणि मधे 1935 साली बांधलेला निळ्या घुमटाचा बँडस्टँड. मुंबईकराला बँडस्टँड म्हटलं की वांद्रं आठवतं. तिथं नटांची घरं आहेत, भुट्टेवाले आहेत, जोडपी आहेत, नाही तो फक्त बँड. ईस्टबोर्नला बँड खरोखर असतो, आणि सगळ्या कटकटीचं मूळ तेच.

गावाची जाहिरात सूर्यावर चालते. जुलै 1911 मध्ये इथं 383.9 तास ऊन पडलं आणि ब्रिटनमधला महिन्याभराच्या उन्हाचा विक्रम झाला. माहितीपत्रकात वाऱ्याचा उल्लेख मात्र 'समुद्राची आल्हाददायक झुळूक' एवढाच. वास्तविक हे दोघं एकाच घरचे. ऊन पडलं की जमीन तापते, जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत धावते. ऊन जितकं कडक, तितका हा खारा वारा जोरकस. सकाळी अकराच्या सुमारास तो डोकं वर काढतो, दुपारी दोन-तीनला ऐन भरात येतो आणि सूर्य कलला की गाशा गुंडाळतो. आता दुपारची जेवणं आटोपून, चहाच्या आधी लोकांना सोयीची वेळ म्हणून कार्यक्रम कितीला ठेवायचा? तीनला.

जुन्या लोकांनी याचा विचार केला नव्हता असं नाही. पश्चिमेला ब्रायटनमध्ये 1884 सालचा बँडस्टँड आहे. आठ कोन, आठ ओतीव लोखंडी खांब, वर घुमट. लोक त्याला पक्ष्याचा पिंजराच म्हणतात. दिसायला इतका देखणा की तिथं लग्नं लागतात. पण वाद्यं घेऊन आत बसलं की वारा आठही बाजूंनी विचारपूस करायला येतो. शिवाय वादक गोलात बसणार, म्हणजे निम्म्या श्रोत्यांच्या वाट्याला ट्यूबा या सगळ्यात अवाढव्य पितळी वाद्याच्या वादकाची पाठ. ईस्टबोर्नवाल्यांनी 1935 मध्ये हा प्रश्न धसास लावला. रंगमंच समुद्राच्या कडेला, त्याची पाठ समुद्राकडे, समोर अर्धगोलात श्रोते आणि श्रोत्यांच्या दोन्ही अंगांना खांबांच्या ओवऱ्या. मागची भिंत आणि वरचा घुमट मिळून आवाज पुढं ढकलतात, कारण उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो आणि बंद सभागृहासारखं भिंतींकडून काही परत मिळत नाही. विचार चांगलाच होता. फक्त वाऱ्याला वास्तुशास्त्र वाचता येत नाही. तो वळसा घालून, खांबांमधून, कडेनं येतो आणि बरोबर स्वरलिपीच्या कागदाखाली शिरतो.

म्हणून चिमटे. दोरीवरचे कपडे उडू नयेत म्हणून लावायचे तेच. महागडी वाद्यं, कडक इस्त्रीचे गणवेश, सोनेरी गोंडे, आणि प्रत्येकाच्या समोर गुलाबी-हिरवे चिमटे! ब्रास बँडमध्ये साधारण पंचवीस फुंकणारे असतात, शिवाय तालवाद्यवाले. उघडलेल्या दोन पानांना निदान चार चिमटे लागतात: दोन खालच्या कोपऱ्यांना, दोन बाजूंना. वर लावून उपयोग नाही, कारण वारा पान खालून उचलतो. म्हणजे शंभर चिमटे झाले आणि कंडक्टरचे वेगळे. प्लॅस्टिकचे चिमटे उन्हानं ठिसूळ होतात आणि शांत जागा बघून टचकन मोडतात. लाकडी बरे, पण त्यांची तारेची स्प्रिंग खाऱ्या हवेत गंजते आणि कागदावर तपकिरी डाग पाडते. डाग नेमका सुराच्या ठिपक्याशेजारी पडला तर नवशिका तो सूर समजून वाजवतो. मला विचाराल तर लाकडीच घ्यावेत आणि दर हंगामाला बदलावेत.

पान उलटणं हा वेगळा अध्याय. उजवा हात कळांवर, डाव्या हातात वाद्य. तिसरा हात देवानं दिलेला नाही. म्हणून सुज्ञ लोक पानांच्या छायाप्रती काढतात, एकीला एक चिकटवून लांबलचक पट्टी करतात आणि पुठ्ठ्यावर लावतात. मग उलटायचं कामच नाही. कुणी वर पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी ठेवतं. वारा हरतो, पण त्या पट्टीत सूर्य दिसतो, सूर दिसत नाहीत. बँड चालता चालता वाजवतो तेव्हाची मार्चची कार्डं तळहाताएवढी असतात आणि वाद्यालाच अडकवतात. कंडक्टरच्या हाती मात्र तीस-चाळीस पानांची वही. तो उजव्या हातानं ताल देतो आणि डाव्या कोपरानं वही दाबून धरतो. लोकांना तो भावनेच्या भरात वाकलाय असं वाटतं.

स्वरलिपीचे कागद ठेवायच्या स्टँडचंही शास्त्र आहे. घडीच्या तारेच्या स्टँडला तीन पाय असतात. त्यातला एक पाय वारा जिकडे जातोय त्या दिशेला करावा, म्हणजे जिकडे कोसळणार तिकडे टेकू मिळतो. मधल्या दांड्याला दोन लिटर पाण्याची बाटली टांगावी. दोन किलो वजन झालं आणि मध्यंतरात प्यायलाही होतं. मध्यंतरात पाणी पिऊन टाकतात आणि दुसऱ्या भागात स्टँड पडतात, हा भाग वेगळा.

आपल्या लग्नातल्या बँडला यातलं काहीच लागत नाही. कागद नाही, स्टँड नाही, सगळं तोंडपाठ. शिवाय चालायचं, घोड्याचं शेपूट चुकवायचं आणि नवरदेवाच्या मामाची फर्माईशही पुरवायची. ईस्टबोर्नच्या वाऱ्यात त्यांना उभं केलं तर एक चिमटा न वापरता दोन तास ओढतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आवाजही पिअरपर्यंत जाईल.

पण सुरांचं दुखणं त्यांनाही चुकणार नाही. फुंकून वाजणाऱ्या वाद्याचा सूर आतल्या हवेच्या तापमानावर ठरतो. हवा गार झाली की आवाजाचा वेग घटतो आणि सूर उतरतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर दर अंशाला साधारण तीन भाग. सरावाची खोली 22 अंशांवर असेल आणि वाऱ्यानं वाद्य 15 वर आणलं तर वीसेक भागांचा फरक पडतो. इतका फरक चांगल्या कानाला टोचतो. कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य छोटं, चार फुंकांत गरम होतं. ट्यूबाच्या पोटात कितीतरी मीटर नळी. ती तापेपर्यंत पहिला तुकडा संपतो. मग सोळा मात्रा गप्प बसायचं आलं की ती पुन्हा गार. जाणकार ट्यूबावाला गप्प असताना नळीत आवाज न करता कोमट श्वास सोडत राहतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, दमला बिचारा. या सगळ्यात धातूच्या पट्ट्यांचं ग्लॉकनश्पील तापमानानं जवळपास बदलत नाही. म्हणजे संपूर्ण बँडमध्ये एकटा तो सुरात आणि बाकी सगळे खाली, पण बहुमत पाहता बेसूर तोच ठरतो.

श्रोत्यांनी कुठं बसावं? समुद्राकडे तोंड करून बसल्यावर उजवीकडची, विश टॉवरच्या बाजूची जागा धरावी, ओवरीला लगटून. या किनाऱ्यावर नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे त्याच अंगाचा. ओवरी तो अडवते. बीची हेडचा 162 मीटरचा कडाही त्याच बाजूला आहे. तो थोडा आडोसा करतो आणि पलीकडून येणाऱ्या ढगांना लपवूनही ठेवतो, त्यामुळं पाऊस आगाऊ सूचना न देता येतो. छत्री नेऊ नये. वाऱ्यात ती उलटी होते आणि सरळ करताना मागच्या आजीबाईंच्या डोळ्यात काडी जाते. टोपीही दोरीवाली असेल तरच. घडी घालून पिशवीत बसणारं विंडचीटर, गुडघ्यावर पसरायला एक शाल आणि थर्मास, एवढ्यावर निभतं.

डेकचेअर वाट्याला आली तर घाई नको. दोन लाकडी चौकटी, मधे झोळी दिलेलं जाड कापड, मागं टेकवायची दांडी आणि तिच्यासाठी तीन-चार खाचा, एवढंच यंत्र. आधी आपण वाऱ्याकडे पाठ करायची, नाहीतर कापडाचं शीड होतं आणि खुर्ची आपल्याला घेऊन निघते. चौकटी बाहेरच्या कडांना धरायच्या. खाचेजवळ अंगठा ठेवला की खुर्ची तो मागून घेते. दांडी सगळ्यात ताठ बसवणाऱ्या खाचेत घालायची. सगळ्यात खालच्या खाचेत स्वर्गसुख आहे हे मान्य, पण राष्ट्रगीताला उठताना तीन माणसं लागतात.

आणि खाणं झाकून. आपल्याकडं हिवाळ्यात मांडव्याच्या लाँचमागं उडणारे, पर्यटकांनी भिरकावलेले कुरकुरे झेलणारे कुरव पाहून या पक्ष्याबद्दल प्रेम वाटत असेल तर ते इथं आणू नये. इथला हेरिंग गल साधारण एक किलोचा, पंख पसरले की सव्वा ते दीड मीटर, आणि तो भिरकावण्याची वाट पाहत नाही. एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये चिप्सची पिशवी ठेवून प्रयोग केला. माणूस रोखून पाहत असेल तर गल जवळ यायला सरासरी एकवीस सेकंद जास्त घेतात. उपाय सोपा: पक्ष्याच्या डोळ्यात डोळे घालून बसायचं. पण मग बँड कोण बघणार? शिवाय हल्ला होतो पाठीमागून. मारायला उठावं तर 1981 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. चिप्सला ते नाही.

बँडस्टँडजवळ जॉन वेस्ली वुडवर्डचा स्मृतिफलक आहे, तो जाता-येता वाचावा. ईस्टबोर्नच्या वाद्यवृंदात चेलो वाजवणारा हा माणूस 1912 मध्ये टायटॅनिकवर वाजवायला गेला. जहाज बुडताना आठही वादक वाजवत राहिले आणि आठही गेले. फलकाचं अनावरण 1914 मध्ये गायिका क्लारा बट यांनी केलं. तो वाचल्यावर वाऱ्यानं कागद उडाल्याची तक्रार करायला जीभ रेटत नाही. पाचेक मिनिटं. मग पुन्हा रेटते.

खरा कस लागतो तो रात्रीच्या आतषबाजीच्या कार्यक्रमाला. शेवटी रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचं '1812 ओव्हर्चर' असतं. त्याच्या मूळ स्वरलिपीत तोफांचे सोळा बार लिहिलेले आहेत, आणि इथं त्यांच्या जोडीला समुद्रावर फटाके. पहिल्या बाराला गल झोपेतून उठून अंधारात शिव्या देत उडतात. डोक्यावर काहीतरी घ्यावं ते यासाठी. पहिले पाच-सहा बाण फार सुंदर दिसतात. पण सूर्य बुडून बराच वेळ झालेला असतो, जमीन थंडावलेली असते, आणि तीन वाजल्यापासून ज्याच्या नावानं सगळ्यांनी बोटं मोडली तो वारा ड्युटी संपवून घरी गेलेला असतो. धूर जागचा हलत नाही. पुढचे बाण त्याच्या आत फुटतात. कळतं ते लाल आणि हिरवं काहीतरी चाललंय एवढंच. बँडवाले खोकत वाजवतात, लोक टाळ्या अंदाजानं वाजवतात, आणि वादकांसमोरच्या शंभर चिमट्यांत धरलेली पानं, ज्यांना आता चिमट्यांची काडीची गरज नाही, अजिबात हलत नाहीत.