‘आरपीसी मिळालं, नाशिक सगळं ग्रीन, आता बिनधास्त उडवा’ : या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

नाशिकच्या ड्रोनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. नुकतंच आरपीसी, म्हणजे ड्रोन उडवण्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र, मिळालेल्या पोरापोरींसाठी तो लिहिलाय, आणि नवीन माणूस असल्या मेसेजवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, म्हणून त्याला उत्तर देणं भाग आहे. मजकूर थोडक्यात असा: “अभिनंदन! आरपीसी मिळालं म्हणजे तुम्ही आता कायदेशीर पायलट. ओझर विमानतळ शहरापासून वीस किलोमीटर लांब, त्यामुळे नाशिक सगळं ग्रीन. नकाशा एकदा बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा, पोलिसांनी अडवलं तर दाखवा. कंट्रोलरवर १२० मीटरच्या आत राहा. ग्रीनमध्ये कुणाचीही परवानगी लागत नाही. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला तर काहीच नियम नाहीत. आणि परवानगीचं बघायचं ते क्लायंटने.”

आधी यातलं खरं काय ते सांगतो. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम २०२१ लागू झाले आणि आधीच्या नियमांतला बराच जाच कमी झाला. सरकारी नकाशावर आकाशाचे तीन रंग आहेत: ग्रीन म्हणजे मोकळं, यलो म्हणजे परवानगी घेऊनच, आणि रेड म्हणजे बंदीचं. विमानतळाभोवतीचा यलो झोन पूर्वी ४५ किलोमीटरपर्यंत होता, तो १२ किलोमीटरवर आला. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही. इतपत मेसेज बरोबर आहे. गोंधळ त्याच्या पुढे सुरू होतो.

पहिला मुद्दा प्रमाणपत्राचा. आरपीसी दहा वर्षं चालतं आणि तुम्हाला ड्रोन चालवता येतं एवढंच सांगतं. आज, या जागी, या उंचीवर उडवायचं की नाही, हे ते सांगत नाही. उड्डाणाआधी डिजिटल स्कायवर, म्हणजे हा नकाशा असलेल्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर, त्या भागासाठी काही सूचना किंवा निर्बंध आहेत का, हे तपासणं नियमांनी रिमोट पायलटवर बंधनकारक केलंय. म्हणजे सर्टिफिकेट मिळाल्यावर नकाशाशी संबंध संपत नाही, तिथून तो रोजचा होतो.

आता ‘ओझर लांब आहे’ याबद्दल. या मुद्द्यावर जरा थांबू, कारण नाशिकमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होण्यासारख्या आहेत.

नियमातलं अंतर विमानतळाच्या हद्दीपासून, सोप्या भाषेत कुंपणापासून, मोजायचं असतं. गुगल मॅपवर विमानाच्या चिन्हावर बोट ठेवून मोजलं तर चुकतंच. ओझरची धावपट्टीच तीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे, म्हणजे मधून मोजणारा माणूस सुरुवातीलाच दीड किलोमीटर हरवून बसतो. कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन फक्त २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत आहे. त्याच्या वर यलो, आणि यलो म्हणजे संबंधित एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, परवानगी. ८ किलोमीटरच्या आत ग्रीन नाहीच, अगदी जमिनीपासून.

हे शेवटचं वाक्य फवारणीवाल्यांनी नीट वाचा. “आपण पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर उडतो, आपल्याला झोनशी काय करायचंय” असं सर्रास ऐकू येतं. ओझर, जानोरी, मोहाडी, पिंपळगाव बसवंत या सगळ्या द्राक्षपट्ट्यात हा समज महागात पडू शकतो. ८ किलोमीटरच्या आत दोन मीटरवरचं उड्डाणसुद्धा परवानगीचंच. शहराच्या बाजूने येत असाल तर आडगाव येण्याआधीच अंतर मोजायला लागा.

ओझर म्हणजे दिवसाला मोजकी प्रवासी विमानं येणारी धावपट्टी, असंही काही जण धरून चालतात. ते विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं आहे. सुखोई तिथे बनली, आणि इथल्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच उड्डाण केलं. वायुदलाचा दुरुस्ती डेपोही तिथेच. लढाऊ विमानांच्या चाचण्या प्रवासी वेळापत्रकात दिसत नाहीत.

आणि नाशिकला फक्त ओझर आहे असंही नाही. शहराच्या पोटातच गांधीनगरला लष्कराचा हवाई तळ आहे, लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांना तिथे प्रशिक्षण मिळतं. पुढे देवळालीला तोफखान्याचं स्कूल आणि फायरिंग रेंज. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस. ‘नाशिक सगळं ग्रीन’ लिहिणाऱ्याने नाशिकरोड-देवळालीचा भाग नकाशावर एकदा तरी मोठा करून पाहिला असता तर हे वाक्य लिहिलं नसतं. रेड झोनमध्ये उडवायला केंद्र सरकारची परवानगी लागते, तिथे ओळखीपाळखीचा उपयोग नाही.

म्हणून काम घेतानाच काय करायचं ते सांगतो. निफाडच्या शेतकऱ्याचा फोन आला की गावाचं नाव घेऊन नकाशा बघू नका, एकाच गावाची शिवं दोन रंगांत पडू शकतात. त्याला म्हणा, “भाऊ, बागेत उभे राहा आणि तिथून लोकेशन पाठवा.” जमलं तर चारही बांधांवरून मागा. ते बिंदू डिजिटल स्कायच्या नकाशावर टाकून उड्डाणाचा पूर्ण भाग आखा. एक टोक ग्रीनमध्ये आणि दुसरं यलोमध्ये निघालं तर पूर्ण बागेचं काम यलो धरून चालायचं, किंवा यलोकडच्या ओळी सोडून द्यायच्या. वळण घेताना ड्रोन बांधाबाहेर जातंच, तेवढी जागाही आखणीत धरा. हे सगळं ॲडव्हान्स घेण्याआधी. इसार घेऊन झाल्यावर नकाशा उघडणारा माणूस नकाशात त्याला हवं तेच बघतो.

तिसरी गोष्ट, स्क्रीनशॉट. यावर जास्त लिहायची खरं तर गरज नाही, तरी हाच सल्ला सगळ्यात आवडीने पाळला जातो. केंद्र सरकार नकाशा बदलू शकतं. शिवाय तातडीची गरज पडली तर राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागाला तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. पोलीस अधीक्षक किंवा त्याच दर्जाचा अधिकारी हे करू शकतो आणि ते डिजिटल स्कायवरूनच कळतं. मागच्या महिन्यातला हिरवा स्क्रीनशॉट त्या दिवशी फक्त एवढंच सिद्ध करेल की तुम्ही आज नकाशा पाहिलेला नाही. आदल्या संध्याकाळी एकदा आणि साईटवर पोचल्यावर, पंखे लावण्याआधी, पुन्हा एकदा बघा. दोन मिनिटांचं काम आहे. साईटवर नेटवर्क नसेल, आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे ते बऱ्याचदा नसतं, तर वाटेत शेवटचं नेटवर्क असेल तिथे गाडी थांबवून बघा.

आता कंट्रोलरवरचे १२० मीटर. हे दिसायला निरुपद्रवी आहे आणि म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. बहुतेक ड्रोन उंची दाखवतात ती टेक-ऑफच्या जागेपासूनची. नियमातली उंची आहे ती ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासूनची. येवल्याच्या सपाट रानात दोन्ही आकडे सारखेच येतील. पण आपल्याकडे पश्चिमेला सह्याद्री आहे. समजा ब्रह्मगिरीच्या बाजूला एखाद्या कड्यावरून टेक-ऑफ केलं, ८० मीटर वर नेलं आणि चांगला शॉट मिळावा म्हणून दरीवर सरकवलं. कडा २०० मीटरचा असेल तर त्या क्षणी ड्रोन जमिनीपासून २८० मीटरवर आहे. कंट्रोलर ८० च दाखवतोय, पायलट निर्धास्त आहे, आणि ग्रीन झोन केव्हाच खाली राहिलाय. ४०० फुटांच्या वर यलो सुरू होतो, मग आजूबाजूला कितीही ओसाड डोंगर असो.

हा मर्यादेचा आकडा कागदी नाही. लष्कराची हेलिकॉप्टरं सरावात खालून जातात, दऱ्यांतूनही जातात. माणसं असलेल्या विमानाला आणि हेलिकॉप्टरला वाट द्यायची जबाबदारी नेहमी ड्रोनची. हेलिकॉप्टरचा पायलट तुमचं दोन किलोचं यंत्र बघू शकत नाही. आवाज आला की शॉट सोडून ड्रोन खाली घ्यायचं, हेलिकॉप्टर दिसेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. डोंगरात काम असेल तर आधी नकाशावरून टेक-ऑफच्या जागेची आणि दरीच्या तळाची उंची काढा, वजाबाकी करा, आणि त्या हिशेबाने ड्रोनमध्ये उंचीची मर्यादा लावून मगच निघा.

‘ग्रीनमध्ये कुणाचीही परवानगी लागत नाही’ हे वाक्य हवाई नियमांपुरतं खरं आहे. पण त्या हवेखालच्या जमिनीला दुसरे कायदे आहेत. त्र्यंबकेश्वराचं मंदिर आणि पांडवलेणी ही दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं, तिथल्या चित्रीकरणाला त्या खात्याची परवानगी हवी. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, गिधाडांचं घर. नांदूरमध्यमेश्वर तर अभयारण्य आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चालतो आणि वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन बाहेर काढायचं नाही. हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी पाण्यावर विसावलेले असतात, त्यांच्यावरून एक ड्रोन गेलं की अख्खा थवा उठतो. दहा सेकंदांच्या रीलसाठी हे कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं, दंड होवो अगर न होवो.

आणि पोलीस. ऑगस्ट २०२२ मध्ये गांधीनगरच्या लष्करी तळावर ड्रोन दिसलं, गुन्हा दाखल झाला. पुढच्याच महिन्यात डीआरडीओच्या केंद्रावर ड्रोन दिसल्याची बातमी आली. त्यानंतर शहर पोलिसांनी ड्रोन जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले होते. त्या वेळी ज्यांची लग्नाची बुकिंग होती त्यांना आकाश ग्रीन आहे म्हणून काही फरक पडला नाही. असे स्थानिक मनाई आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघू शकतात, आणि तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. हे आदेश डिजिटल स्कायच्या नकाशावर रंग होऊन उमटतीलच असं धरू नका. पोलीस ठाण्यात विचारायचं. त्यातही आपल्याकडे दोन हद्दी आहेत: शहरात पोलीस आयुक्तालय, आणि त्र्यंबक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरीकडे ग्रामीण पोलीस. शहराच्या ठाण्यात विचारून निफाडला उडवलं तर ते विचारणं फुकट. नव्या जागी जाताना त्या ठाण्याला आधी लेखी कळवा: तारीख, वेळ, जागा, यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक), आरपीसी क्रमांक. कायद्याने प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, पण गावातल्या कुणी “ड्रोन फिरतंय” म्हणून फोन केला तर ठाण्यात तुमचा कागद आधीच असलेला बरा. रात्री ड्रोन दिसला की चोर आले म्हणून गावंच्या गावं जागी राहिलेली आपण पाहिली आहेत.

अडीचशे ग्रॅमचा मुद्दा लवकर संपवतो. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे, विम्यातूनही आहे. झोनमधून नाही. रेडमध्ये दोनशे ग्रॅमचं खेळणंही रेडमध्येच. आणि २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो ड्रोनला प्रमाणपत्राची जी सूट आहे, ती बिगर-व्यावसायिक वापरापुरतीच. प्री-वेडिंगचे पैसे घेतले की ती संपली.

राहता राहिलं ‘परवानगी क्लायंटने बघायची’. हॉलची परवानगी, जमीनमालकाची संमती, मंदिर ट्रस्टचं पत्र, हे क्लायंट आणू शकतो आणि त्याने आणावंही. पण झोन तपासणं नियमाने रिमोट पायलटवर टाकलंय, नवरदेवाच्या काकांवर नाही. ड्रोन नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द होऊ शकतं, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या नावावर होतात. अपघात झाला तर ४८ तासांत कळवायचंही पायलटनेच.

म्हणून कोटेशनमध्येच लिहून टाका, की उड्डाण झोनच्या स्थितीवर आणि लागणाऱ्या परवानग्यांवर अवलंबून राहील, आणि त्या दिवशी निर्बंध आल्यास तारीख बदलेल किंवा ड्रोनशिवाय काम होईल. क्लायंट कुरकुर करतात, पण आधी सांगितलं की ऐकतात. हे आत्ताच सुरू करा, कारण सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्या काळातल्या रामकुंड, तपोवन, त्र्यंबकच्या ऑर्डरी आजच कुणी घेत असेल, तर क्लायंटला आजच सांगा की प्रशासनाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय ड्रोन बॅगेतून निघणार नाही, आणि ॲडव्हान्स परत करायची तयारी ठेवूनच तो घ्या.