‘हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवा’ हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘कॉम्प्युटर बिघडला? दुकानात जाऊ नका, हे सात घरगुती उपाय करा, हजारो रुपये वाचवा’. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंद पडलेली हार्ड डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. रॅम खोडरबरने पुसा. हँग होत असेल तर सरळ फॉरमॅट मारा, डेटा नंतर सॉफ्टवेअरने परत येतो. एरर आली की चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम, चालवा. पाणी सांडलं तर तांदळाच्या डब्यात ठेवा. फोटो गूगलवर असतातच, बॅकअप लागत नाही, फार तर सगळं एका मोठ्या पेनड्राइव्हवर कट-पेस्ट करा. आणि सातवं, डेटा रिकव्हरीवाले लुटतात, त्यांच्याकडे जाऊच नका.

यातला एक उपाय बरोबर आहे, एक अर्धा बरोबर आहे, बाकीच्यांनी लोकांचा डेटा जाणार आहे, आणि ज्यांचा जाणार ते बहुतेक आपलेच आईवडील, काका-काकू, कारण असा मेसेज मन लावून वाचून तसाच्या तसा करून बघणारे तेच असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो, थोडं लांबेल. माझं म्हणणं एकच आहे, बिघाड कुठलाही असू दे, आधी डेटा दुसरीकडे कॉपी करायचा आणि मगच मशीनची दुरुस्ती सुरू करायची. मेसेजमध्ये नेमकं उलटं सांगितलंय.

फ्रीझरपासून सुरुवात करू. ही गोष्ट जुनी आहे आणि अगदीच हवेतून आलेली नाही. डिस्कमध्ये डेटा एका फिरत्या चकतीवर म्हणजे प्लेटवर असतो आणि तो वाचणारा भाग म्हणजे हेड. पूर्वीच्या काही डिस्कमध्ये बंद करताना हेड प्लेटवरच येऊन थांबायचं, कधीतरी तिथेच चिकटून बसायचं आणि मोटर फिरायची नाही, मग थंड केल्यावर ते सुटलं असं लोक सांगायचे. आताच्या डिस्कमध्ये हेड प्लेटवरून बाजूला एका रॅम्पवर जाऊन बसतं, म्हणजे ज्या रोगावर हा उपाय होता तो रोगच बहुतेक राहिलेला नाही. दुसरं म्हणजे डिस्क हवाबंद असते असा आपला समज असतो. हीलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर तसं नसतं. झाकणावर नीट बघा, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं आणि शेजारी बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं असतं की हे भोक झाकू नका. आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं, त्याला फिल्टर असतो, पण तो अडवतो धूळ, दमटपणा नाही. आता मुंबईची हवा डोळ्यासमोर आणा. जुलैमध्ये फ्रीजमधली बाटली काढून ओट्यावर ठेवली की दोन मिनिटांत तिला बाहेरून पाणी सुटतं, फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कचं तेच होणार, आणि तुम्ही लगेच तिला केबल लावणार. आत प्लेट मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारते आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. त्या फटीत दव जमलं तर हेड प्लेटला घासणार, आणि घासलेल्या जागेवरचा फोटो जगातला कुठलाही माणूस परत आणू शकत नाही. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, तर फिरणारं काही नसतंच, तिला गार करून काय मिळणार?

कुणी आधीच ठेवून बसलं असेल तर घाबरू नका, पिशवी न उघडता बाहेर काढा, अर्धा-एक दिवस खोलीत तशीच पडू द्या, आणि डेटा महत्त्वाचा असेल तर चालू करून बघायचा मोह टाळा. डिस्कमधून टक, टक, टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर तिथेच पॉवर बंद. परत परत चालू करून ‘आता लागते का’ बघण्यात प्रत्येक वेळी नुकसान वाढतं.

रॅम आणि खोडरबर हा उपाय मात्र खरा आहे, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातला, लॅमिंग्टन रोडवरचा, कुठलाही जुना मेकॅनिक हेच करतो. समुद्राकाठच्या दमट हवेत कॉन्टॅक्टवर थर बसतो, मग डेस्कटॉप चालू होताना बीप बीप करत राहतो आणि स्क्रीन काळीच राहते. फक्त वायर भिंतीतून काढा, नंतर पॉवरचं बटण दोनचार सेकंद दाबून धरा, रॅम कडेने धरा, हलक्या हाताने पुसा, रबराचा भुगा झटका आणि बसवताना क्लिपचा टक आवाज येईपर्यंत दाबा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर रबरापेक्षा ते चांगलं.

फॉरमॅट. हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना बुडवणार आहे, कारण ऐकायला सोपा वाटतो. हँग होण्याची कारणं ढीगभर असतात आणि त्यातली निम्मी फॉरमॅटने जातच नाहीत. लॅपटॉप अर्ध्या तासाने तापून बंद पडतोय म्हणजे पंख्यात धूळ अडकलीय. रोज सकाळी डेस्कटॉपची तारीख मागे जाते आणि कुठलीही वेबसाइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येतं, लोक म्हणतात नेट खराब आहे, व्हायरस आहे, पण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो, बदला, तारीख नीट लावा, साइट उघडतात. यासाठी कुणी घरातला सगळा डेटा उडवायचा का? आणि ‘सॉफ्टवेअरने परत येतो’ हे वाक्य तर सोडूनच द्या. विंडोज व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट केलं की डिस्कवर सगळीकडे शून्य लिहिली जातात. क्विक फॉरमॅटमध्ये जुन्या फिरत्या डिस्कवर डेटा मागे राहतो हे खरं, पण वर परत विंडोज टाकलं की तेवढ्या जागेवरचा गेलाच. एसएसडीवर तर ट्रिम नावाची सोय असते, विंडोज ड्राइव्हला सांगतं की ही जागा आता रिकामी, मग ड्राइव्ह स्वतःच ती साफ करतो, आणि त्यानंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, हाताला काही लागत नाही. आजकालचे बहुतेक लॅपटॉप एसएसडीचेच आहेत. शिवाय बऱ्याच नव्या विंडोज ११ मशीनमध्ये ड्राइव्ह बिटलॉकर नावाच्या सोयीने आपोआप लॉक केलेला असतो, तो उघडायची रिकव्हरी की ४८ आकडी असते आणि सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये पडलेली असते. मशीन चालू आहे तोवर आज ती काढून कागदावर लिहून ठेवा. बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर मशीन की मागतं तेव्हा ती शोधत बसायला वेळही नसतो आणि दुसरा कॉम्प्युटरही नसतो.

चेकडिस्क अर्धा बरोबर आहे. डिस्क ठणठणीत आहे, फक्त लाइट गेल्यामुळे मधेच बंद पडलं, अशा वेळी ते उपयोगी पडतं. मुंबईत लाइट जात नाही म्हणून आपण यूपीएस घेत नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळी मुंबई बंद पडली होती हे आठवत असेल. डिस्क स्वतःच मरायला टेकलेली असेल तर मात्र चेकडिस्क स्लॅश आर (chkdsk /r) म्हणजे तिला एकेक सेक्टर, डिस्कवरचा एकेक बारीक कप्पा, वाचायला लावणं, तेही तासन् तास, त्यात ती जी काय चालत होती तीही बसते. आणि मोडलेल्या फाइल ते फाउंड डॉट शून्य शून्य शून्य नावाच्या फोल्डरमध्ये नुसते नंबर देऊन टाकतं, लग्नाचा अल्बम कुठला आणि लाइट बिल कुठलं कळायला मार्ग नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांकडे सोसायटीचे हिशोब असायचे, मशीन चालू व्हायला चहा होऊन जायचा आणि टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडताना एरर. काका चेकडिस्क मारायच्या बेतात होते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर दुसऱ्या पेनड्राइव्हवरून चालवलं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. पिवळा होता, खाली यादीत सी५ च्या ओळीत, म्हणजे ज्या सेक्टरबद्दल डिस्कला स्वतःलाच खात्री उरलेली नाही त्यांचा आकडा, शून्य नव्हता, आणि पाच मिनिटांनी परत बघितलं तर वाढलेला. मग दुसरं काहीच केलं नाही, टॅलीचा डेटा फोल्डर पहिला कॉपी, मग सभासदांचे शेअर सर्टिफिकेटचे स्कॅन, मग काकांचे फोटो, आणि सिनेमे राहिले तर राहिले. उरलेल्यासाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून कॉपी करणारा प्रोग्राम लावला, तो हुशार आहे, जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो आणि अडलेल्या जागांवर शेवटी येतो. सगळं बाहेर पडल्यावर ती डिस्क बदलली, चेकडिस्क लागलाच नाही. कॉपी करताना क्रम आपण ठरवायचा, जे परत मिळणार नाही ते पहिलं.

तांदूळ लवकर संपवतो. तांदूळ पाणी ओढत नाही म्हणण्याइतकंच ओढतो आणि त्याची पूड पोर्टमध्ये जाते. चहा-पाणी सांडलं तर चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, उलटा करून ठेवा, आणि उघडता येत असेल तर एसएसडी बाहेर काढा, बहुतेक वेळा ती शाबूत असते. पण मुंबईकरांनी वेगळी लक्षात ठेवायची गोष्ट पुराच्या पाण्याची आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यावरची कितीतरी मशीन गाळात गेली, आणि लोकांनी डिस्क काढून वाळवल्या. तसं करायचं नसतं. गाळ आतल्या आत वाळला की प्लेटवर घट्ट बसतो. बुडालेली फिरती डिस्क ओलसर कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालायची आणि तशीच रिकव्हरीवाल्याकडे द्यायची. आणि सीपीयू जमिनीवर ठेवूच नका, स्टुलावर ठेवा.

आता ‘फोटो गूगलवर असतातच’. असतात का ते आधी बघा. फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हापासून १५ जीबीमध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं एकत्र मोजलं जातं, ते भरलं की बॅकअप गुपचूप थांबतो, वर एक छोटी सूचना येते आणि आपण ती सरकवून टाकतो. दुसरं, सिंक म्हणजे बॅकअप नाही. गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये तुम्ही डिलीट केलं की क्लाउडमधूनही जातं, ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतं आणि संपलं. फोनमधली जागा मोकळी करायचा पर्याय वेगळा आहे, तो आणि डिलीट यात लोक रोज गोंधळतात. तिसरं, जे घरात बोलायला जड जातं, माणूस गेल्यावर त्याचं सिम बंद होतं, ओटीपी जाणार कुठे? दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल काढून टाकू शकतं, हा नियम २०२३ पासून आहे. सेटिंगमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, त्यात मुलाचं-मुलीचं नाव घालून ठेवता येतं. आईवडिलांबरोबर बसून हे एकदा कराच.

आणि पेनड्राइव्हवर कट-पेस्ट केलंत तर बॅकअप झाला कुठे, कॉपी एकच राहिली, फक्त जागा बदलली, आणि तीही हरवण्याइतक्या छोट्या वस्तूवर. फूटपाथवर मिळणारे स्वस्तातले दोन टीबीचे पेनड्राइव्ह तर बऱ्याचदा खोटे असतात, कॉम्प्युटरला दोन टीबी दाखवतात, आत चिप छोटी, जास्तीचे फोटो वर चढलेले दिसतात आणि उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. चांगली फ्लॅश मेमरीसुद्धा कपाटात वर्षानुवर्षं बिनविजेची ठेवायची वस्तू नाही, त्यातला चार्ज हळूहळू उतरतो. पीटर क्रोघ या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला तीन-दोन-एकचा नियम घरासाठी पुरतो, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. म्हणजे लॅपटॉप, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आणि क्लाउड किंवा ठाण्याच्या मावशीकडे ठेवलेली दुसरी डिस्क. आणि एक्स्टर्नल डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची, लावलेली सोडायची नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा डेटा पुसणारा व्हायरस आला तेव्हा आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. मर्स्ककडे डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरच्या, कॉपी जगभर होत्या, पण सगळ्या एकमेकांना जोडलेल्या, म्हणून एकदमच पुसल्या गेल्या. वाचली फक्त घानामधली, कारण त्या वेळी तिथे लाइट गेली होती आणि ते मशीन नेटवर्कवर नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे नशिबाने मिळालं ते आपल्याला यूएसबीची वायर काढून मिळतं.

महिन्यातून एकदा त्या डिस्कवरच्या पाचसहा फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडूनही बघा. विशेषतः जुन्या मराठी फाइल, श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या, त्यांचा फॉन्ट सोबत ठेवला नसेल तर फाइल उघडते आणि अक्षरं वाचता येत नाहीत. फॉन्टही कॉपी करा, आणि जमेल तेवढं युनिकोडमध्ये आणा.

राहिला सातवा मुद्दा, रिकव्हरीवाले. महाग आहेत, बिल नव्या डिस्कच्या कितीतरी पट होऊ शकतं, आणि फसवणारेही असतात, हे मान्य. पण हेड बदलायचं काम धूळमुक्त जागेतच होतं, ते घरी होत नाही आणि गल्लीतल्या काउंटरवरही होत नाही. कुणी तुमच्यासमोर टेबलावर डिस्कचं झाकण उघडायला लागला तर हातातून काढून घ्या. डिस्क द्यायच्या आधी लेबलचा फोटो काढा, सीरियल नंबर दिसला पाहिजे. पावतीवर ‘डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्या, तपासणीचे पैसे किती आणि डेटा मिळाला नाही तर किती हे आधी ठरवा, आणि आधी फाइलची यादी बघायची, मग पैसे द्यायचे. गेलेला डेटा त्याच डिस्कवर परत घेऊ नका, जाताना रिकामी डिस्क स्वतःची घेऊन जा.